कॅटामरानचं एकच इंजिन पुन्हा पुन्हा तापतंय? शोध दुसऱ्या इंजिनापासून सुरू करा

दोन धडांची बोट, म्हणजे कॅटामरान, गेटवेचा धक्का सोडते, बंदरातली गर्दी मागे पडते, दोन्ही लिव्हर पुढे जातात आणि अलिबागकडच्या मांडव्याच्या निम्म्या वाटेवर स्टारबोर्ड, म्हणजे उजव्या, इंजिनाच्या तापमानाचा अलार्म वाजतो. पोर्ट, म्हणजे डावं, इंजिन मात्र व्यवस्थित चाललेलं असतं. वेग उतरवला की काटा खाली येतो. धक्क्याला लागल्यावर खलाशी स्ट्रेनर, म्हणजे इंजिन थंड करायला आत येणारं समुद्राचं पाणी गाळणारी जाळी, उघडतात. प्लास्टिकचे तुकडे, शेवाळ, चिखल निघतो, जाळी धुऊन परत बसवली जाते. पुढच्या एक-दोन फेऱ्या ठीक जातात आणि मग पुन्हा तेच.

हे चक्र तुटत नाही, कारण स्ट्रेनरमध्ये कचरा सापडला की कारण सापडलं असं आपण धरतो. मुंबई बंदराच्या पाण्यात स्ट्रेनरमध्ये कचरा रोजच सापडणार. त्याच वेळी पोर्टचा स्ट्रेनर उघडून बघा. त्यातही जवळपास तेवढाच ऐवज निघेल, आणि तरी ते इंजिन तापलेलं नाही. म्हणजे कचरा खरा असला तरी या बाजूच्या तापण्याचं उत्तर तेवढ्यात मिळत नाही.

कॅटामरानवर काम करणाऱ्याला एक सोय आयती मिळते, ती एका इंजिनाच्या लाँचवर मिळत नाही. दोन हल (बोटीची पाण्यातली धडं), दोन सारखी इंजिनं, एकच समुद्र, एकच वेग, एकाच वेळी भरलेलं डिझेल. चांगलं चाललेलं इंजिन हे तुमच्याजवळचं सगळ्यात भरवशाचं मोजमाप आहे. मॅन्युअलमधला आकडा कारखान्याच्या चाचणीतला असतो. पोर्टचा आकडा आजच्या पाण्यातला, आजच्या ओझ्याचा असतो. तरीही अलार्म आला की सगळे तापलेल्या बाजूच्या इंजिनरूममध्ये उतरतात आणि दुसऱ्या बाजूला कोणी डोकावत नाही. माझा सगळा आग्रह ही सवय मोडण्यासाठी आहे.

प्रवासी बसलेले असताना अलार्म वाजला तर

आधी वेग उतरवा, आणि तो दोन्ही इंजिनांचा. तापलेल्याचा लिव्हर मागे घेऊन दुसरं पूर्ण जोरात ठेवायचा मोह होतो, कारण वेळापत्रक असतं आणि वर केबिन भरलेली असते. पण बोटीचा वेग घसरला की स्थिर पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर त्याच आरपीएमला जास्त भार मागतो. शिवाय बोट सरळ राखायला सुकाणू एका अंगाला धरून ठेवावं लागतं, त्याचाही अडसर होतो. थोड्या वेळाने चांगलं इंजिनही तापू लागतं आणि मग हातात काहीच राहत नाही. प्रोपेलरऐवजी पाण्याचा झोत मारणाऱ्या वॉटरजेटच्या बोटीवर हा परिणाम बराच कमी असतो, तरी दोन्ही उतरवणंच बरं.

गरम इंजिन एकदम बंद करू नका. आतलं पाणी फिरायचं थांबलं की सिलिंडर हेडमधली उष्णता जागच्या जागी साठते. न्यूट्रलला हळू चालू ठेवा आणि बोटीबाहेर पडणारं पाणी बघा. पाणी येत असेल तर काट्याला उतरायला वेळ द्या. पाणी अजिबात येत नसेल किंवा रबर करपल्याचा वास येत असेल तर मात्र बंदच करायचं. वेट एक्झॉस्टचा (धुरात समुद्राचं पाणी सोडून तो बाहेर टाकणाऱ्या नळीचा) रबरी होज समुद्राच्या पाण्यानेच थंड राहतो. पाणी गेलं की तो जळू लागतो, आणि कॅटामरानची इंजिनरूम इतकी अरुंद असते की तिथे आग आटोक्यात आणणं फार अवघड. बंद करण्याआधी बोट चालवणाऱ्या सारंगाला कळवा. गेटवे ते मांडवा या वाटेवर मोठ्या जहाजांचा चॅनल ओलांडावा लागतो, आणि बोट आधी त्यातून बाहेर काढणं हे त्याचं काम आहे.

एक इंजिन बंद करून दुसऱ्यावर यायचं ठरलं, तर बंद बाजूचा प्रोपेलर पाण्याच्या ओघाने फिरत राहतो आणि त्याच्यासोबत गिअरबॉक्सही फिरतो. पण काही गिअरबॉक्समध्ये ऑइल पंप इंजिनाच्या बाजूने चालतो, तेव्हा आतल्या बेअरिंगला तेल मिळत नाही. तुमच्या गिअरबॉक्सला असं किती वेळ फिरणं चालतं, की शाफ्ट बांधावा लागतो, हे मॅन्युअलमध्ये आजच बघून इंजिनरूमच्या दारावर लिहून ठेवा. अलार्म वाजल्यावर ते शोधायला सवड नसते.

समुद्रात स्ट्रेनर उघडायची वेळ आलीच तर सी व्हॉल्व्ह (समुद्राचं पाणी आत येण्याची झडप) बंद करून झाकणाचे नट थोडेच सैल करा आणि थांबा. थोडं पाणी येऊन थांबलं तर व्हॉल्व्ह खरंच बंद आहे. येतच राहिलं तर नट परत आवळा. हँडल फिरलं म्हणजे आतली चकती बसली असं होत नाही, विशेषतः सीटवर शिंपले धरले असतील तर. एक हल भरू लागला की बोट त्या अंगाला कलते, आणि वर बसलेल्या माणसांना त्यामागचं कारण माहीत नसतं.

दोन्ही बाजूंचे आकडे एकाच वेळी

पुढच्या फेरीला, अलार्म नसतानाही, दोन्ही इंजिनं एकाच आरपीएमला पंधरा-वीस मिनिटं स्थिर चालू द्या आणि मग मोजा. लेझर थर्मामीटर पुरतो, पण चकचकीत पितळ, स्टेनलेस किंवा उघड्या ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. जिथे मोजायचं तिथे काळी टेप चिकटवा, दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी. समुद्राचं पाणी पंपाच्या आधी किती गरम आहे, हीट एक्सचेंजरमधून (इथे बारीक ट्यूबमधलं समुद्राचं पाणी इंजिनाची उष्णता घेतं) बाहेर पडताना किती, इंजिनातलं कूलंट, म्हणजे आत फिरून उष्णता वाहणारा द्रव, एक्सचेंजरमध्ये जाताना आणि येताना किती, इंजिन ऑइल किती, गिअर ऑइल किती. पॅनेलवर दिसत असेल तर ताशी डिझेल किती जातंय आणि बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचा दाब) किती आहे, तेही टिपा.

आता दोन रकाने शेजारी ठेवा. तापणाऱ्या बाजूला समुद्राचं पाणी आत येताना पोर्टइतकंच, पण बाहेर पडताना पोर्टपेक्षा बरंच गरम असेल, तर पाणी कमी येतंय. थोडं पाणी जास्त उष्णता उचलतंय. इथे इनलेट (पाणी आत घेणारं तोंड), स्ट्रेनर, पंप आणि हवा यांच्या मागे लागायचं.

बाहेर पडणारं पाणी पोर्टइतकंच किंवा त्याहून थंड आणि कूलंट मात्र गरम, असं असेल तर पाणी येतंय पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. ट्यूबवर थर बसलाय, थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप) पूर्ण उघडत नाही, किंवा कूलंटच नीट फिरत नाही.

सगळंच थोडं थोडं गरम असेल, इंजिन ऑइलही, आणि डिझेलही जास्त जात असेल, तर कूलिंगवर संशय घेऊ नका. ते इंजिन जास्त राबतंय.

आणि थर्मामीटरने दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या, फक्त पॅनेल स्टारबोर्डला गरम म्हणत असेल, तर सेन्सर, वायरिंग किंवा कनेक्टर. दोन्ही इंजिनांचे सेन्सर अदलाबदल करा. अलार्म दुसऱ्या बाजूला गेला तर नवा सेन्सर मागवा आणि इंजिनाला हात लावू नका. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढणं ही नेहमीची गोष्ट आहे.

इतक्या मोजणीत शोध चारांपैकी एका दिशेला लागतो. हे न करता थर्मोस्टॅट बदल, पंप बदल, कूलंट बदल असं करत गेलं की पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

पाणी कमी येतंय: आधी हवा तपासा

कॅटामरानमध्ये हे कारण जितकं घडतं तितकं ओळखलं जात नाही, म्हणून यावर थोडं थांबतो. सी चेस्टचं, म्हणजे इंजिनासाठी समुद्राचं पाणी घेणाऱ्या कप्प्याचं, तोंड हलच्या तळाला असतं. वेगात धावताना पुढच्या टोकाने फोडलेल्या लाटेतली हवा बुडबुड्यांच्या रूपात तळाखालून मागे वाहते. दोन हलच्या मधल्या बोगद्यात लाट आपटली की तिथेही पाणी फेसाळतं. कॅटामरानचा हल अरुंद आणि फार खोल न बुडणारा, त्यामुळे आडव्या लाटेत एक हल उचलला गेला की सी चेस्ट पृष्ठभागाच्या जवळ येतो आणि पाण्याबरोबर हवाही ओढतो.

ओळखायचं कसं? आपल्या मार्गावर याची एक सोपी परीक्षा आहे. दुपारनंतर मुंबईत वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. गेटवेवरून मांडव्याला जाताना बोटीचं तोंड साधारण दक्षिणेला, म्हणजे वारा आणि लाट स्टारबोर्डवर. परतताना तीच लाट पोर्टवर. दुपारी जाताना स्टारबोर्ड तापतं, परतताना ते ठीक राहून पोर्टचा काटा थोडा चढतो आणि सकाळच्या निवांत पाण्यात दोन्ही ठीक, असं असेल तर ती हवा आहे. दोन्ही दिशांना, सकाळ-दुपार तेच एक इंजिन तापत असेल तर लाटेला दोष देऊ नका.

हवेचं दुसरं कारण बोटीतच असतं. सक्शनच्या बाजूचा एखादा जोड, स्ट्रेनरच्या झाकणाचं गॅस्केट, चिरलेला होज. भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यायला बसलं की जे होतं तेच इथे होतं: जोर लावला की पाण्याऐवजी हवा येते. धक्क्यावर उभ्या बोटीत एखाद्या जोडातून थेंब थेंब पाणी झिरपत असेल आणि वेगात असताना तो जोड कोरडा दिसत असेल, तर गळती थांबलेली नसते. तो जोड हवा ओढत असतो. स्ट्रेनरचं झाकण पारदर्शक असेल तर वेगात असताना आत टॉर्च मारा, बुडबुडे स्पष्ट दिसतात. दोन्ही बाजूंना मारा. थोडे बुडबुडे दोन्हीकडे असतातच, फरक किती आहे तो महत्त्वाचा.

हवा समुद्रातून येत असेल तर सी चेस्टची व्हेंट नळी (आतली हवा वर सोडणारी) मोकळी आहे का बघा. चिखलाने किंवा शिंपल्यांनी ती बुजली की हवेला वर सुटायला वाट राहत नाही आणि ती सरळ पंपात जाते. बुजलेली व्हेंट तारेने मोकळी करणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि पंप बदलण्याच्या खर्चाआधी ते करायलाच हवं.

मग पंप

रबरी इम्पेलरचा (पाती असलेल्या फिरत्या चाकाचा) पंप असेल तर कव्हर काढून पाती मोजा. एक जरी पातं तुटलं असेल तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही, तुटलेला तुकडा सापडायला हवा. तो पाण्याबरोबर पुढे जाऊन एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि कित्येक ट्यूब झाकून बसतो. नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापत राहतं त्याचं हे अगदी नेहमीचं कारण. जुनी पाती आणि सापडलेले तुकडे टेबलावर जुळवून बघा, पुरे झाले की मगच झाकण लावा. इम्पेलर बसवताना ग्लिसरीन लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइलने रबर फुगतं. मोठ्या इंजिनांवर धातूच्या इम्पेलरचा सेंट्रिफ्यूगल पंप असतो. तो पात्यांनी दगा देत नाही, पण गाळाने घासून इम्पेलर आणि केसिंगमधली फट वाढते. मग हळू चालताना ठीक आणि पूर्ण वेगात पाणी अपुरं पडतं. फट मोजून दुसऱ्या बाजूच्या पंपाशी ताडून बघा.

इनलेटच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसते तेव्हा तापमान एकदम चढतं. बोट थांबवून थोडी रिव्हर्स घेतली की पिशवी सुटते आणि सगळं जादू झाल्यासारखं ठीक होतं. असं झालं तर वहीत लिहा. वारंवार एकाच धक्क्यापाशी होत असेल तर सारंगाशी बोलून तिथे येण्याची बाजू बदलता येते का बघा. मांडव्याला उधाणाच्या सुकतीत, म्हणजे ओहोटीत, पाणी खूप उतरतं, धक्क्याला लागताना जोरात रिव्हर्स मारला की प्रोपेलरने उडवलेला गाळ आपल्याच सी चेस्टमध्ये येतो. धक्क्याकडे जी बाजू असते ती जास्त गाळ खाते. रोज तीच बाजू लावत असाल तर रोज तेच इंजिन गाळ खातंय.

पाणी येतंय, पण उष्णता जात नाही

मुंबई बंदराचं पाणी मुळात गढूळ. त्यातला बारीक गाळ आणि क्षार ट्यूबच्या आत थर धरतात. हा दोष एका दिवसात येत नाही. काटा महिन्यागणिक एक-दोन अंशांनी वर सरकतो आणि मार्च ते मे या काळात, समुद्राचं पाणीच 29-30 अंशांपर्यंत तापलेलं असतं तेव्हा, अलार्मची रेषा ओलांडतो. म्हणूनच उन्हाळ्यात तक्रार सुरू झाली की सगळे उन्हाला दोष देतात. ऊन दोन्ही इंजिनांना सारखंच आहे.

ट्यूब स्टॅक (एक्सचेंजरमधला ट्यूबांचा जुडगा) बाहेर काढता येत असेल तर काढाच. नायलॉनच्या ब्रशने किंवा लाकडी काठीने साफ करा, लोखंडी सळई घालू नका. ट्यूबला आतून ओरखडा पडला की गंज तिथून सुरू होतो आणि एक दिवस कूलंटमध्ये खारं पाणी मिसळतं. एक्सचेंजरमधली झिंक पेन्सिल (गंज स्वतःवर घेणारी जस्ताची कांडी) अर्ध्याहून जास्त झिजली की बदला, आणि बदलताना तिचे पडलेले चुरे बाहेर काढा. दुर्लक्षित झिंक मोडून ट्यूबच्या तोंडाशी पडतं. ॲसिड वापरायचं तर एक्सचेंजर बनवणाऱ्याने सांगितलेलंच, आणि नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुऊन.

कूलंटच्या बाजूचं थोडक्यात. पातळी थंड इंजिनात बघा. कूलंटच्या हेडर टाकीचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नका. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की दाब धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं, तेव्हा दोन्ही बाजूंची झाकणं अदलाबदल करून बघा. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात घालून गॅसवर तापवा आणि तो त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडतो का बघा. इंजिन चालू असताना हेडर टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि फेऱ्या थांबवा. नळाचं पाणी भरून दिवस ढकलू नका.

इंजिन जास्त राबतंय

थळ, रेवस, करंजा या पट्ट्यात मासेमारी मोठी. डोल जाळ्यांचे खुंटे, तुटलेले दोर, वाहून आलेली नायलॉनची जाळी. जाळ्याचा तुकडा प्रोपेलरभोवती गुंडाळला की लगेच काही वाजत नाही. लिव्हर तोच, पण आरपीएम थोडा कमी, धूर काळपट, डिझेल जास्त, आणि बोट एका अंगाला ओढते. सारंगाला विचारा: सरळ जायला सुकाणू किती धरावं लागतं? हा प्रश्न इंजिनरूममधून सहसा विचारला जात नाही आणि त्याचं उत्तर बरेचदा निदान पूर्ण करतं. शाफ्टभोवती बसलेलं नायलॉन घर्षणाने वितळून घट्ट होतं आणि सीलपर्यंत जातं, म्हणून पाणबुड्याला लवकर बोलवा.

तळावर शिंपले आणि बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) असतील तर भार दोन्हीकडे वाढतो. पण धक्क्याला बोट नेहमी एकाच बाजूने बांधली जात असेल तर उन्हाकडचा हल जास्त शेवाळतो. रंगाचा प्रश्न निघाला म्हणून सांगतो: ॲल्युमिनियमच्या हलला तांब्याचा अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग कधीही लावू देऊ नका. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्वस्तात मिळाला म्हणून लाकडी बोटीचा रंग कोणी आणला तर डबा परत पाठवा.

बंद हंगामानंतरचं तापणं

पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, ही वाहतूक बंद असते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत तापण्याच्या तक्रारी उसळतात. उबदार, संथ पाण्यात तीन महिने उभ्या बोटीच्या सी चेस्टमध्ये बार्नेकल धरतात, पाइपातल्या साचलेल्या पाण्यात आतले जीव मरून कुजतात, ट्यूबमध्ये गाळ बसून कडक होतो. सुरू केल्यावर हे सगळं सुटून पुढे जातं. एका बाजूला जास्त सुटलं की ते इंजिन तापतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीचे आठ दिवस स्ट्रेनर प्रत्येक फेरीनंतर उघडा आणि रिकाम्या बोटीची चाचणी पूर्ण वेगात घेतल्याशिवाय प्रवासी घेऊ नका.

त्याची तयारी मात्र मे महिन्यात व्हायला हवी. शेवटच्या फेरीनंतर सी व्हॉल्व्ह बंद करून समुद्राच्या पाण्याची सगळी लाइन गोड्या पाण्याने धुवा आणि रिकामी करा. रबरी इम्पेलर काढून ठेवा, नाहीतर तीन महिने एकाच स्थितीत दबलेली पाती वाकडी होतात. एक्सचेंजरची टोपणं उघडून ट्यूब तेव्हाच साफ करा. चिखल ओला असताना तो पाण्याने निघतो, सुकल्यावर खरवडावा लागतो. आणि इम्पेलर काढलेल्या इंजिनाच्या स्टार्ट बटणावर मोठ्या अक्षरात पाटी बांधा: इम्पेलर काढला आहे, सी व्हॉल्व्ह बंद आहे, सुरू करू नये. दोन्ही इंजिनांवर, वरच्या पॅनेललाही.